मालक की मलिक? कुराणाचे पाठक, त्यांची गावं आणि एक न लिहिलेला काना

रात्रपाळी

कामानिमित्त दीड वर्ष मोरोक्कोत, तांजिएरला होतो. खोली स्वस्तात मिळाली याचं कारण मागच्या भिंतीला लागून असलेली मशीद; पहाटेची झोपमोड ठरलेली. नमाज संपली की आतून दहा-बारा जणांचा एकसुरी, भरधाव आवाज यायचा. एक जण पुढे आणि बाकीचे मागे असं नाही, सगळे एकदम. एखाद्याचा श्वास संपला तर तो दोन शब्द सोडून पुन्हा गाडीत चढायचा. आपल्याकडच्या हरिपाठाची आठवण यावी असा प्रकार. याला तिथे हिज्ब म्हणतात. कुराणाचे ६० भाग पाडलेत. पहाटे एक, सूर्यास्तानंतर एक, महिन्यात पूर्ण.

माझं बालपण मिरजेत गेलं. त्यामुळे अर्थ कळत नसला तरी फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला सूरा (अध्याय), कानात बसलेला आहे. त्यात 'मालिकि यौमिद्दीन' असं येतं. तांजिएरची मंडळी म्हणायची 'मलिकि यौमिद्दीन'. पहिला आठवडा मी समजत होतो की हे घाईत काना खातात. शेवटी घरमालकाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे हफ्स वाचतात, आम्ही वर्श वाचतो." मला वाटलं ही दोन पुस्तकांची नावं आहेत. ती दोन माणसांची नावं निघाली. तिथून जे वाचत सुटलो त्यातलं थोडं इथे टंकतो.

आधी कान्याचं बघू. मालिक म्हणजे आपला मालक. मलिक म्हणजे राजा, मलिक अंबरातला. न्यायाच्या दिवसाचा मालक, किंवा न्यायाच्या दिवसाचा राजा. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत या जागी तीनच अक्षरं आहेत: म, ल, क. काना नाही, वेलांटी नाही. अरबी लिपी तेव्हा एवढी उघडीवाघडी होती की ब, त, थ आणि न ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आली तर एकाच दात्याने लिहीत. नुक्ते (अक्षरांचे ठिपके) क्वचितच देत. म्हणजे पुस्तक समोर ठेवून वाचायचं नव्हतंच. ज्याला आधीच पाठ आहे त्याला चुकू नये म्हणून हाताशी ठेवलेला तो सांगाडा होता. खरं कुराण होतं माणसांच्या तोंडात, आणि तोंडं गावोगावची होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे.

पैगंबरांचं निधन ६३२ साली झालं. लगेच यमामाच्या लढाईत पाठ असलेली बरीच माणसं मारली गेली, म्हणून पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित यांना लेखी संकलन करायला बसवलं. ही पानं पुढे दुसरे खलिफा उमर यांच्याकडे आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी हफ्सा यांच्याकडे राहिली. दरम्यान फौजा पसरल्या, छावण्यांची शहरं झाली आणि प्रत्येक शहराला एकेक मोठा पाठक मिळाला. कूफ्यात अब्दुल्ला इब्न मसऊद, बसऱ्यात अबू मूसा अल-अशअरी, दमास्कसला अबूद्दर्दा. अबूद्दर्दांची शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. ते दहा-दहा जणांचे गट करत, प्रत्येक गटावर एक मॉनिटर नेमत आणि स्वतः मेहराबीपाशी उभे राहून सगळ्यांवर नजर ठेवत. पोरगं अडलं की मॉनिटरकडे, मॉनिटर अडला की अबूद्दर्दांकडे.

मग व्हायचं तेच झालं. आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेत सीरियाचे आणि इराकचे शिपाई एकत्र आले आणि कुणाचं पठण खरं यावरून जुंपली. हुझैफा नावाच्या सरदाराने मदिनेला येऊन तिसरे खलिफा उस्मान यांना सांगितलं की आत्ताच आवरा. साधारण ६५०च्या सुमारास उस्मानांनी हफ्सांकडची पानं मागवून एक प्रत सिद्ध केली, नकला कूफा, बसरा, दमास्कस अशा ठिकाणी धाडल्या आणि बाकीच्या प्रती जाळायला सांगितल्या. कूफ्याचे इब्न मसऊद यावर चांगलेच भडकले. झैद पोरगेले होते तेव्हा आपण सत्तर सूरा थेट पैगंबरांच्या तोंडून घेतल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. ज्येष्ठाला डावलल्याचं दुःख कुठल्याही काळात सारखंच.

प्रतीसोबत पाठकही गेले असं परंपरा सांगते. कूफ्याच्या मशिदीत अबू अब्दुर्रहमान अस-सुलमी चाळीसएक वर्षं बसून शिकवत होते. सांगाडा एक झाला, पण त्यावर मांस चढवणारे वेगळे. मलिकि की मालिकि, हे त्या तीन अक्षरांना विचारून कळणार नव्हतं. ते गुरूला विचारायचं.

असे तीनशे वर्षांत इतके पाठ झाले की बगदादच्या इब्न मुजाहिद (मृत्यू ९३६) या पंडिताने निवड करायला घेतली. मदिनेचा नाफी, मक्केचा इब्न कसीर, बसऱ्याचा अबू अम्र, दमास्कसचा इब्न आमिर, आणि कूफ्याचे चक्क तीन: आसिम, हम्झा, किसाई. हे सात. यांची माणसं म्हणून ओळख करून घेतली तर मजा येते. हम्झा तेलाचा व्यापारी. कूफ्याहून हुलवानला तेल न्यायचा आणि येताना चीज आणि अक्रोड आणायचा. इब्न कसीर अत्तरवाला. इब्न आमिर दमास्कसचा काझी. किसाई व्याकरणाचा गड्डा, हारून अल-रशीदच्या मुलांचा शिक्षक. आणि सातांपैकी वंशाने अस्सल अरब मानले जातात ते दोघंच, अबू अम्र आणि इब्न आमिर. बाकीचे मवाली, म्हणजे अरब टोळ्यांच्या आश्रयाने राहिलेल्या बिगरअरब घरांतले. अरबी भाषेतल्या सर्वांत पवित्र ग्रंथाचा उच्चार ठरवणाऱ्या सातांत पाच जण बाहेरचे. मी हे वाचून जरा वेळ गप्प बसलो होतो.

प्रत्येकाचे पुढे दोन-दोन रावी, म्हणजे पाठ पुढे नेणारे शिष्य, ठरले. आसिमचा हफ्स आणि नाफीचा वर्श हे त्यातले. हफ्स हा आसिमचा सावत्र मुलगा, त्याच्याच घरात वाढलेला कापडवाला. वर्श इजिप्तहून मदिनेला शिकायला आलेला. गोरा होता म्हणून नाफीने त्याला हे नाव पाडलं.

माझ्या घरमालकाच्या एका वाक्यामागे एवढं सगळं होतं. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.

सांडगे_मिरची

जबरी धागा. मलिक अंबर आणि घरमालक सख्खे भाऊ निघाले हे आज कळलं. आमचा मालक स्वतःला राजाच समजतो ते उगाच नाही.

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

संशयात्मा

लेख चांगला आहे, पण एक सरळ विचारतो. आम्हाला नेहमी सांगितलं जातं की कुराणात चौदाशे वर्षांत एका अक्षराचाही फरक नाही. तुम्ही तर म्हणताय सात पाठ. मग दोन्हीतलं खरं काय?

रात्रपाळी

@संशयात्मा, सरळ विचारलंत, सरळ सांगतो. परंपरेला हे पाठभेद माहीत नव्हते असं अजिबात नाही. उलट त्यांनीच ते नाव-गाव-गुरूसकट लिहून ठेवलेत. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या संग्रहात, गोष्ट आहे. हिशाम इब्न हकीम फुरकान सूरा वेगळ्या तऱ्हेने म्हणत होते म्हणून उमरांनी त्यांना उपरण्याला धरून पैगंबरांपुढे नेलं. पैगंबरांनी दोघांचं ऐकलं आणि दोघांनाही सांगितलं की असंच उतरलं आहे. कुराण सात 'हर्फां'वर (ढोबळ अर्थ: तऱ्हांवर) उतरलंय, सोपं पडेल तसं म्हणा. म्हणजे भेद हा सवलतीचा भाग, बिघाड नव्हे, अशी त्यांची भूमिका.

हे सात हर्फ आणि इब्न मुजाहिदचे सात पाठक एकच नव्हेत, हे मात्र लक्षात ठेवा. सातच का निवडले म्हणून त्याच्यावर पुढच्या पंडितांनी याच कारणासाठी टीका केली, की सामान्य माणूस गोंधळणार. आणि गोंधळतोच, मीही महिनाभर गोंधळलो होतो.

इतिहासकारांच्या बाजूने पाहिलं तर उस्मानी सांगाडा फार लवकर पक्का झाला याला आता चांगला पुरावा आहे. बर्मिंगहॅमच्या दोन पानांच्या चामड्याची कार्बन चाचणी इ.स. ५६८ ते ६४५ असा काळ देते. आणि येमेनमध्ये सनाच्या मोठ्या मशिदीत १९७२ साली छताच्या दुरुस्तीच्या वेळी जुन्या पानांचा ढीग सापडला, त्यात एक खोडून पुन्हा लिहिलेलं हस्तलिखित आहे. वरचा मजकूर उस्मानी, खालचा पुसलेला मजकूर वेगळ्या वळणाचा. इब्न मसऊदांसारख्यांचे पाठ होते असं परंपरा सांगते, तशा जातीचा काहीतरी ऐवज तिथे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो. 'अक्षराचाही फरक नाही' हे वाक्य व्यासपीठावरचं आहे. जुने कारी, म्हणजे पाठक, ते असं म्हणत नसत.

बखरवाला

रात्रपाळी, एक दुरुस्ती नव्हे, पुस्ती. सांगाडा 'एक' झाला म्हणता, पण उस्मानी नकलांतही शहराशहरांत बारीक फरक आहेत, तीन-चार डझन. आल इमरान सूऱ्याच्या १३३व्या आयतीच्या (वचनाच्या) सुरुवातीला कूफ्याच्या प्रतीत 'व' आहे (म्हणजे 'आणि'), मदिना आणि सीरियाच्या प्रतींत नाही. आणि गंमत म्हणजे मदिनेचा नाफी आणि दमास्कसचा इब्न आमिर तो 'व' उच्चारतच नाहीत. गावची प्रत आणि गावचं तोंड जोडीने चाललंय.

आयतींची मोजदादही गावानुसार. कूफ्याच्या हिशोबात ६२३६. मक्का आणि कूफावाले फातिहाच्या आरंभीची बिस्मिल्ला ही पहिली आयत धरतात, मदिनावाले धरत नाहीत. मजकूर तोच, आकडे वेगळे. संदर्भ देताना आयत क्रमांकावरून भांडणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आणि इब्न मुजाहिदच्या काळचे दोन खटले तुम्ही गाळलेत, तो तर गाभा आहे! ९३४ साली इब्न मिक्समवर खटला झाला. त्याचं म्हणणं, सांगाड्यात बसतंय आणि व्याकरणात बसतंय ना, मग गुरूकडून आलेलं नसलं तरी वाचायला काय हरकत? पुढच्याच वर्षी इब्न शन्नबूझ. त्याच्याकडे गुरुपरंपरा होती, पण तो नमाजेत उस्मानी सांगाड्याबाहेरचे जुने पाठ म्हणायचा. एकाकडे सांगाडा होता, गुरू नव्हता. दुसऱ्याकडे गुरू होता, सांगाडा मोडत होता. दोघांनाही माघार घ्यायला लावली. नियम पुढे जो रूढ झाला (सांगाड्यात बसावं, अरबीत बसावं, परंपरेने आलेलं असावं) तो या दोन खटल्यांच्या मध्ये सापडतो.

शन्नबूझाला फटके मारायला लावणारा वजीर कोण, तर इब्न मुक्ला, अरबी सुलेखनातलं सर्वांत मोठं नाव. फटके खाताना शन्नबूझाने शाप दिला म्हणतात की तुझा हात तुटो. काही वर्षांत राजकारण फिरलं आणि इब्न मुक्लाचा उजवा हात खरंच छाटला गेला. शापाचं सोडा, हात गेला हे खरं.

सांडगे_मिरची

बखरवाले काका, इब्न मुजाहिद आणि शन्नबूझ यांचं आधीपासून वाकडं होतं का? वास येतोय.

बखरवाला

बरोबर वास आला. शन्नबूझ गावोगाव हिंडून शिकलेला, मुजाहिद बगदादमध्ये बसून मोठा झालेला. 'याच्या पायांना विद्येसाठी कधी धूळ लागली नाही' अशा अर्थाचं शन्नबूझ त्याच्याबद्दल बोलल्याची नोंद आहे. पंडितांची भांडणं पंडितांसारखीच असतात.

घनपाठी

हे वाचताना वेदांच्या शाखा सारख्या आठवत होत्या. संहिता तीच, पण शाकल वेगळी, बाष्कल वेगळी. यजुर्वेदात तर माध्यंदिन आणि काण्व दोन्ही आपल्याकडे नांदतात, आणि माध्यंदिन 'ष'चा 'ख' करतात, 'सहस्रशीर्षा पुरुषः' त्यांच्या तोंडी 'सहस्रशीर्खा पुरुखः' होतं. लिहिताना मात्र 'ष'च. अगदी तुमचा मालिकि-मलिकि. मौखिक परंपरा सगळीकडे एकाच वळणाने जाते असं दिसतं.

उकार_वेलांटी

घनपाठी, साम्य आहे, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. शाखा घराण्यातून येते. मी माध्यंदिन का, तर बाप माध्यंदिन. किराअत, म्हणजे कुराणाचा पाठ, गुरूकडून येते आणि बदलता येते. सीरियात इब्न आमिरचा पाठ हिजरी ५००च्या सुमारापर्यंत चालायचा, मग अख्खा प्रदेश हळूहळू बसऱ्याच्या अबू अम्रकडे वळला. कैरवानला (आजचं ट्युनिशिया) आधी कूफ्याच्या हम्झाचा पाठ होता. इब्न खैरून नावाच्या अंदलुशियाच्या (मुस्लिम स्पेनच्या) पाठकाने नाफीचा आणला आणि तोच टिकला. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याने शाखा बदलल्याचं ऐकलंय का?

दुसरं. बोलीचा प्रश्न कुणी विचारेल म्हणून आधीच लिहितो. हे पाठ म्हणजे त्या त्या गावच्या बोलीचं रेकॉर्डिंग, म्हणजे इकडे 'पाणी' तिकडे 'पानी', असं समजू नये. काही ठिकाणी तसं दिसतं. हिजाझची, म्हणजे मक्का-मदिनेकडची, बोली हम्झा (पाठक हम्झा नव्हे, कंठातला झटका) गाळायची, आणि वर्श 'मुअ्मिन'ला 'मूमिन' म्हणतो. पण मक्केचा इब्न कसीर, ज्याने सर्वांत जास्त गाळायला हवा, तो बहुतेक ठिकाणी झटका व्यवस्थित देतो. एका ठळक शब्दात मात्र गाळतो. तो शब्द म्हणजे खुद्द 'कुरआन'. इब्न कसीर म्हणतो 'कुरान'. आपण मराठीत 'कुराण' लिहितो म्हणून उर्दूवाले नाक मुरडतात, त्यांना आता सांगा की आम्ही मक्केच्या पाठाप्रमाणे म्हणतो! (गंमत हो. 'ण'चा खुलासा तरीही आपल्यालाच करावा लागेल.)

तिसरं, इमाला. 'आ'चा 'ए'कडे झुकलेला उच्चार. हम्झा आणि किसाईंकडे भरपूर, वर्शकडे अर्धवट झुकाव. आसिम-हफ्सच्या पाठात मात्र तो पूर्ण कुराणात एकाच जागी येतो.

खाडीपलीकडे

उकार_वेलांटी, ती जागा मला माहीत आहे! हूद सूरा, नूहच्या होडीची गोष्ट. 'मजरेहा'.

मी रायगडातला, कोकणी मुसलमान. सकाळी शाळेआधी मक्तब. अलिफ जबर आ, अलिफ जेर इ, अलिफ पेश उ, असं डोलत डोलत म्हणायचं. उस्ताद छडीपेक्षा भुवईने जास्त मारायचे. ही आयत आली की सगळी पोरं 'मजराहा' म्हणून मोकळी व्हायची, आणि उस्ताद भुवई वर करून म्हणायचे, "रे... रे." का, ते कधी सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं उस्तादांची खोड असेल. आज चाळीस वर्षांनी कळतंय की ती कूफ्याच्या एका घरातली खोड आहे, सावत्र बापाने पोराला शिकवलेली.

रात्रपाळींनी लिहिलंय तसं 'आम्ही हफ्स वाचतो' हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्यासाठी ते नुसतं कुराण शरीफ. रमजानात तरावीहला (रात्रीच्या जादा नमाजेला) हाफिजसाहेब, म्हणजे पूर्ण कुराण पाठ असलेले, म्हणत असतात आणि मागे दुसरा हाफिज उभा असतो, चुकलं की लगेच जोडून देतो. त्याला लुकमा देणं म्हणतात (लुकमा म्हणजे घास). आमच्या मशिदीत कुणी 'मलिकि' म्हणालं असतं तर चार बाजूंनी घास आले असते.

एक प्रश्न. आम्ही कोकणातले शाफई, म्हणजे इमाम शाफईंचा धर्मकायदा मानणारे. इमाम शाफई तर मक्केत शिकलेले ना? मग आमच्याकडे कूफ्याचा पाठ कसा?

रात्रपाळी

खाडीपलीकडे, दंडवत. तुमचा प्रतिसाद माझ्या धाग्यापेक्षा भारी आहे.

प्रश्न नेमका आहे. इमाम शाफई मक्केच्या इब्न कसीरच्याच परंपरेत शिकले, आणि 'कुरान' झटक्याशिवाय म्हणायचे अशी नोंद आहे. उत्तर आफ्रिकेत हिशोब जुळतो: कायदा मदिनेच्या इमाम मालिकचा, पाठ मदिनेच्या नाफीचा, दोन्ही एकाच शिदोरीत बांधून नेलेले. अंदलुशियाचा गाझी इब्न कैस (मृत्यू ८१५) मदिनेहून परतताना इमाम मालिकचा ग्रंथ आणि नाफीचा पाठ दोन्ही घेऊन गेला. तुमच्याकडे मात्र कायदा एका गावचा आणि पाठ दुसऱ्या गावचा.

याचं कारण बरंच नंतरचं आहे. हफ्सचा पाठ सुरुवातीला काही फार लोकप्रिय नव्हता. कूफ्यातसुद्धा आसिमचा दुसरा शिष्य शुअबा जास्त मान्यवर होता, आणि हदीसवाले तर हफ्सला कच्चाच म्हणत. पण पूर्वेकडे हनफी, म्हणजे अबू हनीफांचा कायदा मानणाऱ्या, लोकांत तो रुजला (अबू हनीफा कूफ्याचेच), मग ऑटोमन तुर्कांनी उचलला आणि त्यांच्या राज्याबरोबर पसरला. त्यावर कळस चढला १९२४ साली. कैरोत राजा फुआदच्या काळात सरकारी प्रत छापली गेली, शाळांसाठी, हफ्सच्या पाठाची. छापखान्याने जे केलं ते इब्न मुजाहिदला जमलं नव्हतं. १९६१ साली इजिप्तच्या शेख हुसरींनी पूर्ण कुराण पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं, तेही हफ्सच. पुढे त्यांनीच वर्श, कालून आणि दूरी या रावींच्या पाठांच्याही ध्वनिमुद्रिका केल्या, तो मोठेपणा.

आज उरलंय ते असं: मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत वर्श; लिबिया-ट्युनिशियात नाफीचा दुसरा शिष्य कालून; सुदानमध्ये बसऱ्याच्या अबू अम्रच्या पाठाचा रावी दूरी. बाकी जवळपास सगळीकडे कूफ्याच्या कापडवाल्याचा आवाज. मक्केतही मक्केचा पाठ नाही, दमास्कसलाही दमास्कसचा नाही.

बखरवाला

याला समांतर आपल्याकडे एकनाथ. शके १५०६ला (इ.स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला आणि बजावलं की यापुढे यात कुणी स्वतःची ओवी घालेल तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी. इब्न मिक्समला हेच सांगितलं असतं. फक्त आपल्याकडे फटके नव्हते.

तिरफळ

धागा उशिरा वाचला. सगळे बुवाच दिसतायत! बायका कुठे होत्या? एक हफ्सा येऊन गेल्या, त्याही पानं सांभाळायला.

उकार_वेलांटी

तिरफळताई, रास्त. बसऱ्यात हफ्सा बिन्त सीरीन होत्या. त्यांचे भाऊ मुहम्मद इब्न सीरीन स्वतः मोठे विद्वान, पण पठणात अडले की म्हणायचे, जा, हफ्सा कसं म्हणते ते विचारून या. दमास्कसला धाकट्या उम्मुद्दर्दा शिकवायच्या. आणि पंधराव्या शतकातल्या इब्न अल-जझरींनी, म्हणजे ज्यांनी सातांत आणखी तीन जोडून दहा पाठ पक्के केले, त्यांनी पाठकांच्या चरित्रकोशात आपली मुलगी सलमा हिची नोंद केली आहे; दहाही पाठ शिकलेली. बापाने लाडाने घातली म्हणाल तर म्हणा, पण त्या कोशात लाडाला जागा कमी आहे.

रात्रपाळी

तांजिएरचा एक तुकडा राहिला होता. मशिदीमागे पोरांची शाळा होती. पाटी लाकडाची, वर मूठ असलेली. बोरूने लिहायचं, शाई जळक्या लोकरीची. तिला जरा खरपूस, ओल्या घोंगडीसारखा वास. उस्ताद सांगणार, पोरगं लिहिणार, दिवसभर घोकणार, दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवणार. चुकलं नाही तरच पाटी धुवायची परवानगी. धुतली की वर पांढऱ्या मातीचा हात फिरवून उन्हात उभी करायची. एका भिंतीला ओळीने पंधरा-वीस कोऱ्या पाट्या वाळत असायच्या. मी त्यांचा फोटो काढायला गेलो तर एक पोरगं म्हणालं, रिकाम्याचा कशाला काढतोस? माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी कसंबसं सांगितलं की ते सगळं आता तुझ्या डोक्यात आहे, त्याचा कसा काढू? त्याला ते काही कळलं नाही. त्याने माझी पेन्सिल मागितली.

आणि ही लिपी: 'फ'चा नुक्ता खाली, 'क'ला वर दोनऐवजी एकच. मिरजेत शिकलेला माणूस तिथे पहिल्या ओळीतच 'क'ला 'फ' वाचणार.

संशयात्मा

उत्तराबद्दल आभार. पटलं असं नाही म्हणत, पण पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी वाचेन. नुक्ते आणि मात्रा मग आल्या कधी?

उकार_वेलांटी

सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू. मान दिला जातो बसऱ्याच्या अबुल-अस्वद अद-दुअलींना. त्यांनी लेखनिकाला वेगळ्या रंगाची शाई घेऊन बसवलं आणि सांगितलं, माझ्या ओठांकडे बघ. ओठ उघडले की अक्षराच्या वर ठिपका दे, खाली ओढले की खाली, गोल केले की समोर. म्हणजे लिपीतली पहिली मात्रा कानाने नाही, डोळ्याने टिपली. आजच्या जबर-जेर-पेशच्या खुणा पुढे खलील इब्न अहमदच्या, आठव्या शतकातल्या.

खाडीपलीकडे

धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं घडलं.

गावी गेलो होतो. उस्ताद आता थकलेत, दिसतं कमी, पण आवाज तोच. त्यांना भीत भीत विचारलं, "उस्ताद, 'मलिकि' असंही म्हणतात म्हणे." मला वाटलं भुवई वर जाणार. ते म्हणाले, "कोणाचं विचारतोस? नाफीचं की अबू अम्रचं?"

तरुणपणी मदरशात त्यांनी सातही किराअती शिकल्या होत्या. शातिबींची या सात किराअतींवरची अकराशे त्र्याहत्तर बेतांची (द्विपदींची) कविता पाठ आहे. गावात येऊन इतकी वर्षं झाली, कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लोक घाबरतील, म्हणाले, कुराण बदललं म्हणतील.

मग पडवीत बसून त्यांनी फातिहा लावली. पहिल्यांदा 'मलिकि'. मग इब्न कसीरच्या एका रावीचा 'सिरात', सडपातळ 'स'चा. मग हम्झाचा, ज्यात तोच 'स' 'झ'कडे झुकतो. उस्तादांचे ओठ त्या अक्षराला किंचित पुढे आले तेवढ्यात कळलं. 'अलैहिम'च्या जागी एकदा 'अलैहुम', एकदा लांबवलेलं 'अलैहिमू'. मी मोबाइल काढला होता, तो परत खिशात ठेवला.

आत त्यांचा नातू हिफ्ज (कुराणाचं पाठांतर) करतोय, नऊ वर्षांचा. उस्तादांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं आणि 'मलिकि यौमिद्दीन' म्हणाले, तोच माजघरातून पोराचा खणखणीत आवाज आला:

"माऽऽलिकि!"

उस्तादांनी भुवई वर केली आणि नातवाचा घास घेऊन पुढे म्हणायला लागले.